वैशाखातलं पाणी

(दृश्य : दाट सावली. काळा चिखल आणि त्यातून वर आलेली मुळं. पाण्याची बारीक झुळझुळ.)

सिंधुदुर्गातलं, दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. मे महिना आहे. बाहेर ऊन भाजतंय, आणि राईत शिरलं की पाय चिखलात रुततो. ही झाडं रानजायफळाची. त्यांची मुळं बघा. काही खोडाला टेकू दिल्यासारखी उभी, काही गुडघा वाकवावा तशी चिखलातून वर आलेली. पाण्याखाली हवा मिळत नाही, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात.

जायफळाचं कुळ फार जुनं. या झाडाचं बी एकदा वाळलं की रुजत नाही. त्यामुळे बारमाही ओल असेल तिथंच त्याचा वंश टिकतो. गावानं ही राई देवाची म्हणून राखली. 2021 साली तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र 2.59 हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेसहा एकर.

(दृश्य : चांदोलीचा डोंगरमाथा. खाली हिरव्या घळी.)

हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली झालेला. हवा तापली की जीव डोंगर चढून वर सरकतात, असं म्हणतात. शंभर मीटर चढलं की साधारण अर्धा-पाऊण अंश गारवा मिळतो, हे खरं. पण हिमालयात चढायला डोंगर शिल्लक असतो. इथं हजार-बाराशे मीटरवर माथा संपतो आणि पुढं नुसता सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार.

मग आसरा कुठं? खाली, घळीत. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर, जिथं वर्षातला बराच काळ ऊन तिरपं पडतं आणि अंजनी, पिसा, जांभळाची सावली पाणी धरून ठेवते.

आपल्या जंगलांच्या आराखड्यांत वाघाच्या वाटा असतात, पाणवठे असतात. त्यात वैशाखातले झरेही हवेत, असं मला मनापासून वाटतं. कोणता झरा आटत नाही, हे बीटावरच्या वनरक्षकाला आणि धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. घळीत आणि उघड्या माथ्यावर तापमापक लावून काही उन्हाळे फरक मोजा. ज्या घळी गार राहतील, त्यांच्याभोवती वणवा अडवणाऱ्या जाळरेषा आधी काढा. आणि त्यांच्या डोक्यावरचा माथा रस्त्यासाठी कापू नका. झऱ्याचं पाणी तिथंच मुरतं.

(दृश्य : आंबोली. पहिला पाऊस. कातळावरची डबकी.)

पण आसरा म्हणजे फक्त झाडी नव्हे. शास्त्राला 2009 साली ओळख झालेला हा छोटा भेक, म्हणजे बेडकाचाच एक भाऊबंद, आंबोलीच्या परिसरातला. पहिल्या सरी आल्या की कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. मधेच पावसानं ओढ दिली तर डबकं आटतं, आणि त्या पिढीचा तिथंच शेवट. ज्या सड्याला कागदोपत्री पडीक म्हणतात, तो या जीवाचं बाळंतघर आहे.

(दृश्य : राईवरून उडणारा धनेश.)

चांदोली, राधानगरी, आंबोली, तिळारी आणि पुढं गोव्यातलं म्हादई. नकाशावर जंगलांची ही साखळी सलग दिसते. जमिनीवर मधे काजू आहे, रबर आहे, खासगी मालकी आहे. रानजायफळाचं फळ धनेश खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. रबराच्या बागेत पडलेलं बी चार उन्हांत वाळतं. सावलीतल्या वाहत्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी पडलं, तरच त्याला कोंब फुटतो.