हरिपूरच्या संगमावरची टाचणी

(पहाट, नदीचं पात्र)
हरिपूर. सांगलीला खेटून. इथं वारणा कृष्णेला मिळते. काठावर कॅमेरा लावला की जाणारा-येणारा थांबतोच, "मगर हाय काय?" मगर नाही. आमचं सगळं लक्ष लव्हाळ्याच्या एका काडीवर.

(जवळून, काडी)
हा टाचणीचा नर. चतुराचा बारीक भाऊबंद. बसला की पंख पाठीवर मिटतो, चतुर ते पसरून ठेवतो. काडी याची. दुसरा नर आला... हाकलला. परत त्याच काडीवर.

मादी फिकट हिरवट. शेपटीच्या टोकाच्या चिमट्यानं नरानं तिची मान धरली. पण मिलन अजून लांब आहे. याचं वीर्य तयार होतं शेपटीच्या टोकाशी आणि मिलनाचा अवयव छातीलगत, पोटाखाली. निसर्गाची ही मांडणी आपल्याला अजून झेपलेली नाही! मग हा स्वतःचीच शेपटी वाकवतो आणि वीर्य तिथं नेऊन ठेवतो. पुढचं तिच्या मर्जीवर. तिनं पोट वळवून तिथं टेकवलं तर जमलं. नाहीतर हा नुसता मान धरून बसणार.

(जोडी, बदामाचा आकार)
तिनं वळवलं. हा बदाम प्रेमाचा म्हणून मोबाईलवर फिरतो. आत मात्र खरवडणं चाललंय. मादीच्या पोटात आधीच्या नराचं वीर्य साठवलेलं असतं. ते आपल्या अवयवानं बाहेर काढायचं, मग स्वतःचं सोडायचं. डार्विननं १८७१ मध्ये लैंगिक निवड सविस्तर मांडली, ती नरांच्या झुंजींची आणि मादीच्या पसंतीची. झुंज मादीच्या पोटातही चालते, हे टाचणीच्याच एका जातीत १९७९ मध्ये दिसलं.

म्हणून तर बदाम सुटला तरी हा मान सोडत नाही. वाटेत दुसऱ्यानं गाठलं, तर याचंही खरवडून निघेल.

(अंडी घालताना)
शेपटीच्या टोकाशी सुरीसारखा अवयव आहे. त्यानं ती काडीला चीर पाडते, आत अंडं. थोडं खाली सरकून पुन्हा चीर, पुन्हा अंडं. अंडी पाण्यावर नाहीत, काडीच्या आत.

काठ बांधायला घेतला की पहिलं लव्हाळंच उपटतात.

(शेवटचं दृश्य)
आता ती पाण्याखाली उतरतेय. वर तो, तिच्या मानेवर शेपटीच्या आधारानं सरळ उभा, पाय हवेत.