रडतं बाळ आणि रात्रीची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे अडीच वाजलेत. बाळाला पाजून झालं, ढेकर काढून झाला, दुपटं बदललं, दिवा मालवला, तरी रडणं काही थांबत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गाडीतून एक चक्कर मारून आणू या का?" तान्ह्या बाळाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आमच्याकडे तो जवळजवळ रोज निघायचा.

थोरली लेक दीड महिन्याची होती. गल्ली संपेपर्यंत ती जिवाच्या आकांतानं रडायची. मोठा रस्ता लागला, गाडीनं एकसारखा वेग धरला की आवाज बसत जायचा, आवळलेल्या मुठी सैल व्हायच्या. सिग्नलला थांबलो की पुन्हा पापण्या फडफडायच्या. म्हणून मी लांबूनच वेग कमी करत यायचो, पोचेपर्यंत हिरवा दिवा लागावा म्हणून.

तेव्हा गाडीनं बाळ शांत होतं हे खरं आहे. त्यामागे कारणही आहे. २०१३ साली जपानमधल्या संशोधकांनी आईच्या कुशीतल्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आई बाळाला घेऊन नुसती बसली तर फारसा फरक पडत नव्हता, पण ती उठून चालू लागली की रडणं कमी व्हायचं आणि ठोकेही लगेच मंदावायचे. उंदराच्या पिल्लांतही त्यांना हेच दिसलं. आईनं मानगुटीला धरून उचललं की पिल्लू अंग आखडून गप्प होतं. आई हलवत असताना पिल्लानं निमूट राहावं, ही सस्तन प्राण्यांच्या अंगातच मुरलेली गोष्ट असावी. आईच्या चालण्यातली लय गाडीच्या संथ डुलण्यात सापडते, वर इंजिनची घरघर असते. बाळाला एवढं पुरतं.

पण गाडी चालवणाऱ्याचं काय? माझं सगळं म्हणणं इथेच आहे. अशाच एका पहाटे मी सिग्नलला उभा होतो. मागून हॉर्न वाजला तेव्हा डोळे उघडले. दिवा हिरवा होता आणि तो केव्हा हिरवा झाला ते मला माहीत नव्हतं. माझा डोळा लागला होता. मागच्या सीटवर लेक गाढ झोपली होती. मी गाडी कडेला घेतली, आणि स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते ते थांबेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. आणि तान्ह्याच्या आईबापांची झोप तर महिनोनमहिने तुकड्यातुकड्यांत होते. दारू पिऊन बाळाला गाडीत घालायचं आपल्या स्वप्नातही येणार नाही. पण पेंगुळलेल्या डोळ्यांनी आपण खुशाल निघतो, कारण घरात रडणं असह्य झालेलं असतं.

ज्याची झोप नीट झालीय असा कुणी गाडी चालवणार असेल तर दिवसाउजेडी एखादी चक्कर मारायला माझी हरकत नाही. मात्र बाळ मागे तोंड केलेल्या कारसीटमध्येच हवं, पट्टे नीट आवळलेले हवेत. रडतंय म्हणून चालत्या गाडीत त्याला बाहेर काढून मांडीवर घ्यायचं नाही. घरी आल्यावर झोपमोड होईल म्हणून तसंच सीटमध्ये ठेवायचा मोह होतो, मला रोज व्हायचा. पण बसत्या अवस्थेत लहान बाळाची मान छातीवर कलंडते आणि श्वासाची वाट अडू शकते. त्याला उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणंच निजवायचं, जागं झालं तरी चालेल. आणि बंद गाडीत एकटं तर क्षणभरही ठेवायचं नाही.

घरातल्या घरात काय करता येतं, तेही त्याच जपानी संशोधकांनी २०२२ साली दाखवलं. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं सलग, न थांबता चालायचं. झोप लागली की लगेच खाली ठेवायचं नाही. आणखी पाच ते आठ मिनिटं त्याला घेऊन बसायचं आणि मग निजवायचं. पाठ गादीला लागली म्हणून बाळ जागं होतं, असं आपण समजतो. त्यांच्या नोंदींत मात्र बाळ आईच्या अंगापासून सुटू लागलं की तेव्हाच ठोके बदलायला लागत होते.

हे करूनही काही बाळं रडतात. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. आपलं काही चुकतंय म्हणून ते रडतं असं नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! कधी संताप अनावर झाला तर बाळाला त्याच्या पाळण्यात सुखरूप ठेवा, दार लोटून घ्या आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. बाळाला गदागदा हलवू नका. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, हिरवी उलटी झाली, दूध तोंडात धरेना, किंवा रडण्याचा सूर नेहमीसारखा वाटेना, तर मात्र फेऱ्या घालत बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

धाकट्याच्या वेळी आम्ही रात्री गाडी काढली नाही. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, अशा फेऱ्या मी घड्याळ लावून घालायचो. मग खुर्चीत बसायचो. ती आठ मिनिटं सरता सरत नाहीत. हाताला मुंग्या येतात, मानेवर बाळाचा ऊन श्वास लागत असतो. कित्येकदा ठेवताक्षणी तो पुन्हा डोळे उघडायचा. मग बायको उठायची, त्याला माझ्या हातातून घ्यायची, आणि मी जाऊन झोपायचो.