गोणपाटातले शंभर दाणे: छोट्या शेतातून पोरं गावाच्या कामाला कशी लागतात

नमस्कार मंडळी. माझ्या हातात काय आहे, बघा. ओल्या गोणपाटाची गुंडाळी. सहा दिवसांपूर्वी बांधलेली, आता तुमच्यासमोरच सोडते.

(गुंडाळी टेबलावर उलगडत)

दहा ओळी, एका ओळीत दहा दाणे. पेरायला राखलेल्या सोयाबीनचे, किती उगवतात ते आधीच बघायला. याला बघा, जाड पांढरा कोंब आलाय. हा धरायचा. याचा मोड तपकिरी पडलाय, हा नाही. आणि हा नुसताच फुगलाय. बोट लावलं की साल सुटतं, वासही येतोय. हा गेला. सगळे मोजले: शंभरातले ६४ उगवले.

आता या ६४ चं काय करायचं? ७० किंवा त्याच्यावर आले असते तर एकरी ३० किलो बियाणं पुरलं असतं. ७० च्या खाली दर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे हे बियाणं एकरी ३३ किलो लागेल. ६० च्याही खाली गेलं तर ते पेरायचं नाही, मोंढ्यावर विकून दुसरं आणायचं. हे मे महिन्यात कळलं तर काम सोपं. जूनमध्ये पेरणी करून, आठ दिवस रानाकडे डोळे लावून बसल्यावर कळलं, तर दुबार पेरणी. परत बियाणं, परत खत, परत ट्रॅक्टरचं भाडं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून किती तक्रारी झाल्या, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

ही गुंडाळी मला माझ्या मावशीच्या शेतानं शिकवली. लातूर जिल्ह्यात, वीस गुंठे. म्हणजे अर्धा एकरच. मावशी घरचंच बियाणं राखते. सोयाबीनमध्ये ते चालतं, कारण फूल स्वतःच्याच परागावर फळतं, वाण लगेच बिघडत नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे दोन मावसभाऊ आणि त्यांचे कॉलेजातले मित्र ओसरीवर मोबाइल घेऊन बसले होते. मावशीनं त्यांच्यापुढं गोणपाट टाकलं आणि म्हणाली, "शंभर मोजा. चांगले-चांगले निवडू नका, हाताला येतील तसे घ्या." सेवा हा शब्द तिथं कुणाच्या तोंडी नव्हता. सहाव्या दिवशी पोरं मोजायला बसली, तर बांधापलीकडचे काका येऊन उभे राहिले. "आमचं बी बघा की रं."

तिथून ते सुरू झालं. आधी गल्ली, मग पलीकडची वस्ती. एक वही केली: घर, पोतं, कधी बांधलं, किती उगवले. त्यातलं एक पान मला अजून आठवतं. एका आजीच्या पोत्यातले ४१ च उगवले होते. वहीत आकडा लिहिणं सोपं होतं, पण आजीला सांगायचं कुणी? माझा धाकटा मावसभाऊ, जो घरात पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून देत नसे, तो एकटा गेला. गुंडाळी आजीच्या पुढ्यात उलगडली आणि एक-एक दाणा तिच्याकडूनच मोजून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचं पोतं मोंढ्यावर न्यायलाही तोच होता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. पोरांना प्रेरणा द्या, प्रेरणा द्या असं आपण म्हणतो. पोरांना काम हवं असतं, खरं, आज केलं नाही तर उद्या नुकसान होईल असं. छोट्या शेतात ते डोळ्यांपुढं असतं. पन्नास एकरांत तुमचे शंभर दाणे कुठं गेले ते कळत नाही. वीस गुंठ्यांत कळतं.

मी स्वतः राष्ट्रीय सेवा योजनेत होते. १९६९ पासून चालत आलेली ही योजना, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. तिनं मला गाव दाखवलं, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण आमचं शिबिर हिवाळ्यात झालं. आम्ही खड्डे खणले, रोपं लावली, फोटो काढले आणि निघून आलो. उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पुढच्या वर्षी गेले तर नुसते खड्डे उरले होते. त्याची खंत आजही आहे. आम्हाला सवड होती तेव्हा आम्ही गेलो. गावाला गरज कधी आहे, हे विचारलंच नाही.

शेतात ते विचारावंच लागतं. हुमणीचंच घ्या, पिकाची मुळं खाणारी अळी. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडता-पडता जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला बसतात. तेव्हा फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. ते दिवस थोडेच असतात. एकदा मादीनं जमिनीत अंडी घातली की अळी महिनोन् महिने मुळं खात राहते. आणि हे काम एकट्याच्या शेतात करून भागत नाही, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. साऱ्या शिवारातली झाडं एकाच वेळी हलवावी लागतात. सांगा, पंधरा-वीस पोरांशिवाय हे कोण करणार? कंदील, बादल्या, लांब काठ्या आणि नुकताच पाऊस पडून गेलेली संध्याकाळ. पोरांना बोलवावं लागत नाही, घरी जा म्हणावं लागतं.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं शेती, जनावरं, वेल्डिंग, बांधकाम असं हातानं करत शिकतात, आणि शिकलेलं काम गावाला सेवा म्हणून देणं हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. ज्यांच्या शाळेला थोडी जमीन आहे, त्या शिक्षकांनी पाबळ एकदा जाऊन बघावंच, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्याकडे हे नवं कुठंय? इर्जिक होतंच की. ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी औतं घेऊन जायचं, दिवसभर नांगरायचं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायचं. औतं गेली, ट्रॅक्टर आला, शब्दही मागं पडला. मावशी मात्र अजून तो वापरते. पोरं वही घेऊन निघाली की ती म्हणते, "चालली इर्जिक."

तुमच्या घरी सोयाबीन राखलेलं असेल तर आजच शंभर दाणे मोजा. गोणपाट ओलं करा, पण पाणी निथळू द्या, नाहीतर दाणे कुजतात. दाण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, सैल गुंडाळा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. पाचव्या-सातव्या दिवशी उलगडून मोजा.

मी आता निघते. ही दुसरी गुंडाळी बांधापलीकडच्या काकांची आहे, आज तिचा सहावा दिवस. ती त्यांच्यासमोरच उलगडायची आहे.