काळ, काम, वेग आणि भाजणीचा डबा

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी वेळेवर आलो याचं श्रेय माझं नाही. कार्यक्रम साडेपाचला आहे असं हिनं मला सांगितलं होतं. तो साडेसहाला आहे हे इथं सतरंज्या घालणाऱ्या मुलांकडून कळलं.

विषय जाहीर झालाय 'काळ, काम, वेग'. शाळेतलं गणित आठवून काहीजण घरीच थांबले असतील. एडीएचडी म्हणजे लक्ष हवं तिथं ठेवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण. ती असलेलं डोकं आणि बाकीच्यांचं डोकं या तीन ठिकाणी कसं वेगळं पडतं, ते सांगायचंय. बाकीच्यांना डॉक्टर न्यूरोटिपिकल म्हणतात, मी घरी 'सरळ डोक्याची माणसं' म्हणतो. पण आधी भाजणी.

दिवाळीला दोन दिवस होते. हिनं हातात डबा दिला आणि तीन कामं सांगितली. भाजणी दळून आण, पण गव्हावर दळू देऊ नकोस, आधी हरभरा पडलेला हवा. येताना पाव किलो तीळ आण. आणि मी बाजारात चाललेय, तर जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे दे. सरळ डोक्याचा माणूस ही तीन कामं एका दोऱ्यात ओवून निघतो. माझ्याकडे मणी असतात, दोरा नसतो.

गिरणीत गेलो. 'गव्हावर नको' हे मात्र मी बजावून सांगितलं हं. ते वाक्य मला आवडलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. नशिबानं आमच्या पुढचा डबा हरभऱ्याचाच होता. गिरणीवाल्यांनी भाजणी चक्कीत ओतली, आणि तेवढ्यात मला दिसला त्यांचा वजनकाटा. जुना, दोन पारड्यांचा, एका अंगाला झुकलेला. संपलं! मी तिथंच उकिडवा बसलो. खिशातली किल्ली टोचायला लागली म्हणून समोरच्या रिकाम्या डब्यात टाकली. पारडी उतरवली, साखळ्या मोजल्या, एक कडी जास्त निघाली. साखळ्यांत वर्षानुवर्षांचं पीठ बसलं होतं, ते खराट्याच्या काडीनं टोकरून काढलं. दरम्यान भाजणी दळून डब्यात पडली, झाकण लागलं. काटा जुळला तेव्हा अडीच तास झाले होते. तहान नाही, भूक नाही. आणि माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी शेरा काय? 'लक्ष नाही.'

घरी आलो तर ही जिन्यात, भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेली. कुलूप फोडलं. किल्ली रात्री भाजणीत मोहन घालताना सापडली. तीळ अजून आणायचेत.

हसलात, छान. आता माझी तक्रार ऐका. हा किस्सा सांगितला की कुणीतरी म्हणतंच, 'अहो, हे तर सगळ्यांचंच होतं!' होतं की. तहानही सगळ्यांनाच लागते, पण रात्रीत चारदा उठून तांब्या रिकामा होऊ लागला की आपण साखर तपासतो. दुसरे एक गृहस्थ गीता काढतात, 'चंचलं हि मनः कृष्ण'. अहो, हे म्हणणारा अर्जुन आणि पोपटाचा फक्त डोळा दिसणारा अर्जुन एकच ना? मी अर्जुनाचं निदान करत नाहीये, पण आमच्याकडेही या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. लक्ष असतं, बख्खळ असतं. त्याचा लगाम हातात नसतो.

आणि हे फॅडही नाही. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरानं अशा मनाबद्दल लिहून ठेवलंय. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांना यात नैतिक ताब्याची उणीव दिसली. आमच्या मास्तरांनाही तीच दिसायची, फक्त व्याख्यानाऐवजी पट्टी असायची.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. बरं, काळ. दूध गॅसवर ठेवून ही फोनवर बोलते, पण तिचा एक कान गॅसपाशी असतो. दूध वर येण्याआधीच ती उठते. माझ्याकडे दोनच वेळा आहेत, आत्ता आणि आत्ता नाही. पुढचा महिना आणि पुढचा जन्म एकाच खात्यात.

काम. सरळ डोक्याचा माणूस काम महत्त्वाचं आहे म्हणून उठतो. मला महत्त्व पटलेलं असतं, बिल समोर असतं, तरी हात उठत नाही. काम नवं हवं, आवडीचं हवं, नाहीतर गळ्याशी आलेलं हवं. हा आळस नव्हे. नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन यांचा यात संबंध आहे, आणि जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. यावर एक तक्ता आणला होता. घरी राहिला.

वेग. मोठेपणी उड्या थांबतात, आतली घाई राहते. माझी मुलगी तर लहानपणीही उड्या मारत नव्हती. खिडकीशी गप्प बसायची, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मुलींचं निदान बऱ्याचदा असंच लांबतं. तिच्या तपासणीचा फॉर्म मी भरत होतो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हे तिच्याबद्दल लिहिताय की स्वतःबद्दल?' तेव्हा मी ४६ वर्षांचा. निदानाच्या २०१३ पासूनच्या निकषांत लक्षणं बाराव्या वर्षाआधीची लागतात, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. 'लक्ष नाही' हा शेरा पुरावा म्हणून फाइलला लागला.

दुसरी चिठ्ठी. औषधांचं राहिलंच. प्रश्न कागदावर लिहून द्या हं, तोंडी विचारलेत तर पहिल्याचं उत्तर देताना दुसरा विसरेन.