आरोपीच्या पिंजऱ्यातला शाहीर : वीरा साथीदार

नमस्कार श्रोतेहो.

१३ एप्रिलची रात्र नागपुरात झोपायची नसते. बाराचा ठोका पडायच्या आत माणसं संविधान चौकात पोचतात, दीक्षाभूमीवर पोचतात, आणि बाबासाहेबांच्या जयंतीची पहिली घोषणा तिथे होते. २०२१ साली मात्र ही रात्र सुनी गेली. कोरोनाची दुसरी लाट शहरावर आली होती, खाटा मिळत नव्हत्या, आणि त्याच रात्री राज्यात नवे निर्बंध जाहीर झाले. त्याच १३ एप्रिलला नागपूरच्या एम्समध्ये नट आणि आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार कोरोनाने गेले. ज्या माणसाने आयुष्यभर माणसं गोळा केली, त्याला पोचवायला चार माणसंही नीट जमू शकली नाहीत. ही रुखरुख अनेकांच्या मनात अजून आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं.

सिनेमातलं त्यांचं नाव एकाच चित्रपटाने झालं, ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ओरिझोन्ती या नव्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार मिळाले. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. हे सगळं छापून आलेलं आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते त्यातल्या नारायण कांबळेविषयी.

नारायण कांबळे हा मुंबईतला उतारवयातला लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यांमधून गातो. एके दिवशी मंचावर गाणं चालू असताना पोलीस येतात. आरोप काय, तर तुझं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. मग तारखा सुरू होतात. एक साक्षीदार येतो, दुसरा येत नाही, सरकारी वकील इंग्रजी कायद्याची कलमं भराभर वाचून दाखवतात, न्यायाधीश पुढची तारीख देतात. शाहीर कधी कोठडीत, कधी जामिनावर, पुन्हा कोठडीत.

ही भूमिका वीरा साथीदारांनी केली. ते आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, कवी, गाणारे, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. त्यामुळे चित्रपट आला तेव्हा बरेच जण म्हणाले, आजही म्हणतात, की यात अभिनय तो काय, ते तसेच तर होते! कौतुकाने म्हणतात, हे मला कळतं. पण मला हे बोलणं पटत नाही. त्यात त्यांच्या कामाचं मोल कमी होतं.

विचार करा. जो माणूस मंचावर वाढला, त्याची सवय काय? आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हात उंचावायचा, समोरच्याला पेटवायचं. ‘कोर्ट’मध्ये हे करायची मुभा त्यांना गाण्यांपुरतीच आहे. शाहीर संभाजी भगतांची ती गाणी ते गातात तेव्हा अंगात वारं भरल्यासारखे गातात. नागपूरकरांना तो बाज ओळखीचा वाटेल. जयंतीच्या आठवड्यात आपल्या वस्त्यांत मांडव पडतात, भीमगीतं होतात, कव्वालीचे सामने मध्यरात्रीपर्यंत रंगतात. अशा मांडवात जो एकदा बसला आहे, त्याला पडद्यावरचा तो आवाज कुठून येतो ते सांगावं लागत नाही.

पण गाणं संपतं आणि पुढे जवळजवळ सगळा चित्रपट या माणसाने गप्प राहायचं आहे. विचारलं तेवढंच सांगायचं आहे. न्यायालयात लांबलचक भाषण ठोकायची संधी हिंदी सिनेमाने आरोपीला कितीदा दिली असेल! इथे ती नाही. आणि वीरा साथीदार ती चोरूनही घेत नाहीत. डोळे मोठे करत नाहीत, उसासे टाकत नाहीत, कीव येईल असं काही करत नाहीत. त्यात पुन्हा ताम्हाणेंचा कॅमेरा लांब उभा, एका जागी खिळलेला. चेहऱ्याजवळ जाऊन नटाला मदत करणारा हा कॅमेरा नव्हे. त्या मोठ्या चौकटीत वकील, कारकून, पोलीस, दुसऱ्याच खटल्यांसाठी ताटकळलेली माणसं, असे सगळे असतात आणि त्या गर्दीत एक माणूस आपल्यावर चाललेला खटला ऐकत असतो. तरी आपली नजर फिरून फिरून त्याच्याकडे जाते. नुसतं ‘तसं असून’ हे साधत नाही. त्याला संयम लागतो, आणि तो संयम मंचावरच्या माणसाला फार जड जातो.

त्यांचं न बोलणं किती कामाला येतं ते पाहायचं असेल तर मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष पाहा. उषा बाने यांनी ती भूमिका केली आहे. ती बाई सांगते, नवरा गटारात उतरायच्या आधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं, की समजायचं आत हवा आहे. घाण सहन व्हावी म्हणून प्यायचा. हातमोजे नाहीत, मास्क नाही. त्या साक्षीतून कळतं की या माणसाला मारणारं गाणं नव्हतंच. हे सारं ती अगदी सपाट आवाजात सांगते, आणि आरोपी शाहीर तिच्यावर कुरघोडी करत नाही. ज्या माणसांसाठी गायचं, त्यांच्यातलंच कोणी बोलत असताना आपण ऐकायचं, हे त्यांनी चळवळीतच आत्मसात केलं असणार, असं मला वाटतं.

इथे एक सांगायला हवं. चित्रपट आला त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. म्हणजे माणसं मरायची थांबली नव्हती. नारायण कांबळेच्या गाण्यातला विषय जुना झालेला नाही.

आणि वीरा साथीदारांच्या वाट्याला आलेली एक गोष्ट तर अशी आहे, की ती पटकथेत घातली असती तर कोणाला पटली नसती. मे २०२५ मध्ये नागपुरातच त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. तिथे तरुण कलावंतांनी उर्दू कवी फैज अहमद फैज यांची एक रचना गायली, आणि त्यावरून पोलिसांत गुन्हा दाखल झाला. गाण्यावरून खटला भरला गेलेल्या शाहिराची भूमिका ज्याने केली, त्याच्याच स्मृतिसभेतल्या गाण्यावरून गुन्हा! मी ही बातमी वाचली तेव्हा बराच वेळ वर्तमानपत्र हातातच राहिलं. नारायण कांबळेच्या त्या गप्प चेहऱ्याचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने लागला. तो चेहरा चकित झालेला नसतो. असं होतं, असं होणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं, तरी तो जामिनावर सुटला की परत कामाला लागतो.

श्रोतेहो, हा चित्रपट पाहिला नसेल तर पाहा. पाहिला असेल तर पुन्हा पाहा, आणि या वेळी शाहीर बोलत नसतो तेव्हा त्याच्याकडे लक्ष ठेवा.

अजून एक विनंती, खास नागपूरच्या आणि विदर्भाच्या श्रोत्यांना. नटाचं काम फितीवर राहतं. संपादकाचं आणि कार्यकर्त्याचं काम घरोघरी विखुरलेलं असतं. कोणाच्या कपाटात ‘विद्रोही’चे जुने अंक असतील, कोणाच्या मोबाइलमध्ये एखाद्या सभेतलं त्यांचं भाषण असेल, एखादी पत्रिका, एखादा फोटो असेल. दिवाळीच्या साफसफाईत हे रद्दीत जाऊ देऊ नका. अंकांवर तारीख नसेल तर आठवेल ते साल पेन्सिलीने लिहून ठेवा, फोटोमागे माणसांची नावं लिहा, आणि जवळच्या वाचनालयात विचारा, ते ठेवून घेतील का म्हणून.

धन्यवाद. नमस्कार.