हजार विड्यांच्या जुड्या किती?

(दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ)

यंत्रमागांचा खडखडाट इथं दिवस उजाडताच सुरू होतो. दारात बायका विड्या वळत बसलेल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पोरं या तिन्हींतून ये-जा करत असतात.

(दृश्य : चौथीचा वर्ग)

फळ्यावर गणित आहे, एक हजार भागिले पंचवीस. वर्ग गप्प. बाई फळा पुसतात. "आईनं हजार विड्या वळल्या. पंचविसाची एक जुडी. मग जुड्या किती?"

"चाळीस!" मागच्या बाकावरून उत्तर येतं. मजुरी हजार विड्यांमागं ठरते, त्यामुळं हा हिशोब घरी रोजचाच. तंबाखू वर्गात कशाला, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. पण ही पोरं तो हिशोब घेऊनच शाळेत येतात.

शिक्षक होण्याच्या पदविकेला (पूर्वीचं डी.एड.) अध्ययनाच्या उपपत्ती, म्हणजे शिकणं कसं घडतं याचे सिद्धांत, सगळेच शिकतात. त्यांत मानसशास्त्रज्ञांचे प्राण्यांवरचे प्रयोग येतात: पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, कोहलरचा चिंपांझी. परीक्षा संपली की हे प्राणिसंग्रहालय बंद! त्याच अभ्यासशाखेतले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली मांडलं होतं, की शिकणाऱ्याला आधीच काय येतं, यावर पुढचं शिकणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं. ते आधी शोधा, मग शिकवा.

अर्थात 'चाळीस' हे उत्तर पाठही असू शकतं. म्हणून बाई पुढं विचारतात, "कारखान्यात पन्नास विड्या बाद झाल्या, तर?"

आता खरा भागाकार सुरू होतो. दोन मुली तेलुगूत कुजबुजतात, बोटांवर मोजतात, पाटीवर रेघा मारतात. बाईंना तेलुगू जेमतेम कळतं, तरी त्या अडवत नाहीत. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की म्हणत, मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीनं करतं, ते उद्या एकट्यानं करू शकतं. शिकवायचं ते या मधल्या जागेत. ही मदत शिक्षकाचीच हवी असंही नाही, जरा पुढं असलेली मैत्रीणही पुरते.

"अडतीस!"

मग पाढे घोकायचे की नाही? घोकावेत. पण थॉर्नडाइक यांनी डोळे बांधलेल्या माणसांकडून ठरावीक लांबीच्या रेघा मारून घेतल्या, तेव्हा नुसत्या सरावानं काही सुधारलं नाही. बरोबर की चूक हे सांगितलं, तेव्हा सुधारलं. वह्या आठवडाभर न तपासता ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं.

आता बाई विड्या बाजूला ठेवतात. "सहाशे टॉवेल. बारांचा एक गठ्ठा. गठ्ठे किती?" आधार काढून घेतला की कळतं, कुणाला भागाकार आला आणि कुणाला फक्त विड्यांचा हिशोब. काही हात वर होतात, काही अडखळतात. अडखळलेल्यांपैकी एकाला बाई फळ्याशी बोलावतात आणि त्याच्या हातात खडू देतात. "दहा गठ्ठ्यांत टॉवेल किती? तिथून सुरू कर."