केंडोचा पहिला फटका

श्रोतेहो, नमस्कार. केंडो या जपानी तलवारबाजीच्या खेळाचा सामना पाहताना आधी जाणवतो तो गोंगाट: बांबूच्या शिनाईचा कडाड आवाज, लाकडी जमिनीवर आदळणारा पाय आणि खेळाडूची आरोळी. त्यामुळे नवशिक्याची अशी समजूत होते की सारी किमया उजव्या दंडातल्या जोराची आहे. वास्तविक पहिले काही महिने हा जोर विसरण्यातच जातात.

शिनाई ही चार बांबूपट्ट्या चामड्याने एकत्र बांधून केलेली तलवार. प्रौढ पुरुषांसाठी तिची लांबी जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर आणि वजन किमान 510 ग्रॅम असते. 1711 ते 1715 या काळात नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो या तलवारविद्येच्या गुरूंनी संरक्षक साहित्य सुधारले आणि शिनाईने सराव करण्याची पद्धत बसवली. पूर्ण ताकदीने वार करूनही जोडीदार सुखरूप राहावा, हा त्यामागचा विचार.

शिनाई धरताना डावा हात मुठीच्या अगदी टोकाशी असतो. करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटे सैल. उजवा हात हातरक्षक चकतीजवळ केवळ दिशा देण्यापुरता. डावी मूठ बेंबीच्या किंचित खाली, पोटापासून मूठभर अंतरावर राहते आणि शिनाईचे टोक समोरच्याच्या गळ्याकडे रोखलेले असते. उजवे पाऊल पुढे, डावे मागे, डावी टाच जराशी उचललेली.

आता डोक्यावरचा सरळ फटका, म्हणजे मेन. डावी मूठ कपाळाच्या वर जाईपर्यंत दोन्ही हात खांद्यातून उचलायचे आणि शरीराच्या मध्यरेषेवरूनच खाली आणायचे. शिनाई लक्ष्याला भिडते त्या क्षणी ओला कपडा पिळावा तशी दोन्ही मुठी आत आवळायच्या आणि लगेच सैल सोडायच्या. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण उजवा हात घाई करतो, शिनाई ओढतो आणि तिचा मार्ग तिरका होतो. आरशासमोर उभे राहून हाच फटका सावकाश मारला, तर टोक कुठे कलते ते लगेच दिसते. शिनाईच्या एका अंगाला ताणलेली दोरी असते. ती बाजू तलवारीची पाठ मानली जाते. फटक्याच्या वेळी ही दोरी बाजूला वळली, तर पात्याची धार नव्हे, सपाट अंग लागले असे समजतात आणि गुण मिळत नाही. माझ्या मते, घाईने मारलेल्या शंभर फटक्यांपेक्षा दोरी वर ठेवून मारलेले दहा अधिक मोलाचे, मग शेजारचा कितीही वेगाने मारत असो.

पायांचे काम याहून कठीण. उजवे पाऊल जमिनीलगत सरकते. पण शरीराला पुढे ढकलतो तो डावा पाय, आणि त्याने लगेच मागोमाग यायचे असते. उजवा पाय उंच उचलून आपटणाऱ्याच्या वाट्याला टाचदुखी तेवढी येते. आरोळी, शिनाई आणि शरीर एकाच क्षणी पोचावे, अशी अपेक्षा असते.

फटका बसल्यावर नवशिका बहुधा जागीच थांबतो. तसे करू नये. जोडीदाराला ओलांडून पुढे जावे, वळावे आणि पुन्हा रोखलेल्या पवित्र्यात उभे राहावे. ही सावधगिरी फटक्याचाच भाग धरली जाते, इतकी की सामन्यात गुण मिळाल्यावर एखाद्याने मूठ उंचावून आनंद साजरा केला, तर पंच तो गुण रद्द करू शकतात.